वेळापत्रक नसलेला अंधार

“परत कधी यायचीय म्हणे?”

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे अंगाभोवती शाल घट्ट ओढत आईने मला एवढंच विचारलं. वीज का गेली, हे तिने विचारलं नाही. कराडजवळच्या आमच्या गावात भारनियमनाची सगळी वर्षं काढलेल्या बाईला वीज जाण्याचं नवल नव्हतं. तिला फक्त वेळ हवी होती. आम्ही टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. तेल आणि नैसर्गिक वायू या दोन्हींच्या उत्पादनात अमेरिकेत पहिलं असलेलं हे राज्य. आणि तिथे मला माझ्या आईला ती वेळ सांगता येत नव्हती. पुढचे जवळपास साठ तास सांगता आली नाही.

आई २०२० च्या जानेवारीत आली होती आणि करोनाने विमानं थांबली तशी इथेच अडकली होती. रविवारी बर्फ पडायला लागलं तेव्हा नातीला मांडीवर घेऊन ती खिडकीशी हरखून बसली होती. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास घर एकदम गप्प झालं. हीटरची घरघर थांबली की गाढ झोपेतला माणूसही जागा होतो, हे त्या रात्री कळलं. टेक्सासमधल्या निम्म्याहून जास्त घरांसारखं आमचंही घर विजेवर तापतं. शेगडीही विजेचीच. म्हणजे वीज गेल्यावर ऊब गेली, चहा गेला, बाळाचं दूध गरम करायची सोयसुद्धा गेली. बाहेर पारा उणे १२-१३ वर होता. डॅलसला तर दुसऱ्या दिवशी तो उणे १९ च्या आसपास उतरला.

फोनवर संदेश येत होते की हे फिरतं भारनियमन आहे, थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक भागाची वीज जाईल. अशी खंडित वीज साधारण १५ ते ४५ मिनिटांत परत येते, असंच सगळीकडे सांगितलं जात होतं. आम्ही त्यावर विश्वास ठेवला. पाऊण तासासाठी कोण घर सोडून जातं? सोमवारी सकाळी रस्ते जेमतेम चालण्यासारखे होते. पंधरा मैलांवर राहणाऱ्या मैत्रिणीकडे वीज होती आणि ती “या” म्हणत होती. आम्ही थांबलो. संध्याकाळपर्यंत रस्त्यावरचं बर्फ गोठून काचेसारखं झालं आणि जायची वाट बंद झाली. तोवर फोनही निम्म्याहून खाली उतरले होते, कारण पाऊण तासाच्या हिशोबाने कुणी बॅटरी जपून वापरत नाही.

माझा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो. थंडीत वीज-पाणी गेल्यावर घराने कसं तगून राहायचं यावर इथे दर डिसेंबरला भरपूर सल्ले मिळतात. मेणबत्त्या आणा, पाणी साठवा, डबाबंद खाणं ठेवा. सल्ले चुकीचे नाहीत, मी ते पाळते. पण घराने तयारी करायची तर घराला काहीतरी ठरवता यायला हवं, आणि ठरवायला वेळ माहीत असावी लागते. सहा तास काढायचे असतील तर माणूस एक करतो, तीन दिवस काढायचे असतील तर दुसरंच करतो. ती वेळ देणं कुठल्याही कुटुंबाच्या हातात नाही, ते वीज पुरवणाऱ्यांचं आणि सरकारचंच काम आहे. टेक्सासने ते केलं नाही, आणि माझ्या मते त्या आठवड्यातला सगळ्यात टाळता येण्यासारखा अपराध हाच होता.

मंगळवारी आतल्या खोलीत सगळे एका गादीवर गोधड्यांखाली बसलो होतो तेव्हा आई म्हणाली, “आपल्याकडं निदान पेपरात छापून यायचं.” २००५ नंतरची ती वर्षं ज्यांनी महाराष्ट्रात काढली त्यांना आठवेल. वीजगळती आणि बिलवसुली पाहून गट पाडलेले असायचे, गटाप्रमाणे तास ठरलेले असायचे. शहराला कमी, गावाला जास्त. शेतीपंपाला थ्री-फेज रात्री यायची, मग माणसं बॅटरी घेऊन काळोखात दारं धरायला जायची, पायाखाली साप असो की विंचू. दहावीच्या पोरांचा अभ्यास कंदिलावर व्हायचा. तो कारभार न्यायाचा होता असं मी म्हणणार नाही. पण दळण कधी टाकायचं, टाकी कधी भरायची, मोटर कधी चालू करायची, हे बाईमाणसाला ठाऊक असायचं. अंधार वाटून घेतलेला होता आणि त्याचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं. वेळापत्रक मोडलं तर वीज कार्यालयावर मोर्चा नेता यायचा, कारण मोडायला काहीतरी लिहिलेलं होतं.

टेक्सासमध्ये त्या रात्री काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण अर्धवट माहितीवर राग चुकीच्या माणसावर निघतो. वीजजाळं म्हणजे चढावर निघालेली भरलेली बैलगाडी समजा. ओझं तेवढंच राहिलं आणि एकेक बैल गळत गेला तर गाडी मंदावते. इथे विजेची गती ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनं, धरलेली असते. मध्यरात्रीनंतर दोन वाजायच्या थोडं आधी ती ५९.४ च्या खाली गेली आणि ४ मिनिटं २३ सेकंद तिथेच राहिली. ९ मिनिटं राहिली असती तर उरलेली वीजकेंद्रंही स्वतःला वाचवायला आपोआप बंद झाली असती आणि सगळं राज्य काळोखात गेलं असतं. ते जाळं पुन्हा उभं करायला कित्येक आठवडे लागले असते. म्हणून नियंत्रण कक्षातल्या माणसांनी गाडीवरची पोती भराभर खाली टाकली. एका टप्प्यावर २०,००० मेगावॅटची मागणी तोडली गेली. अमेरिकेच्या इतिहासात हाताने केलेलं एवढं मोठं भारनियमन दुसरं नाही. ४५ लाखांहून जास्त घरं अंधारात गेली. त्या रात्री ज्यांनी बटणं दाबली त्यांनी राज्य वाचवलं, त्यांच्यावर माझा राग नाही.

राग बैल का गळले यावर आहे. केंद्र सरकारच्या वीज नियामकांनी पुढे जो तपास केला त्यात बंद पडलेल्या किंवा अडखळलेल्या संचांपैकी ५८ टक्के नैसर्गिक वायूवर चालणारे निघाले. पहिल्या दोन दिवसांत टीव्हीवर सगळा दोष पवनचक्क्यांवर टाकला जात होता, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगते. पवनचक्क्याही गोठल्या होत्या, पण मोठा खड्डा वायूने पाडला. यंत्रांचे मापक आणि नळ्या गोठल्या, विहिरींतून निघणारा वायू वाटेतच थिजला. त्यात एक गोष्ट अशी घडली की ऐकून विश्वास बसत नाही. वायू ढकलणारे कितीतरी पंप विजेवर चालतात. आमची वीज तोडू नका, असा अर्ज त्यांच्या मालकांनी भरलेलाच नव्हता, त्यामुळे भारनियमनात त्यांचीही वीज तोडली गेली. वीज नाही म्हणून वायू नाही, वायू नाही म्हणून वीज नाही.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. डिसेंबर १९८९ मध्ये थंडीने भारनियमन करावं लागलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये पुन्हा, ३० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. त्याच वर्षी तपास अहवाल आला आणि यंत्रांना थंडीपासून संरक्षण द्या असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. राज्याने ते सक्तीचं केलं नाही. राज्याच्या पश्चिम टोकाचं एल पासो शहर वेगळ्या जाळ्यावर आहे. २०११ चा फटका बसल्यावर तिथल्या वीजपुरवठादाराने यंत्रणा थंडीसाठी पक्की करून घेतली. २०२१ मध्ये त्याच थंडीत तिथले दिवे जवळजवळ सगळे चालू राहिले. मला वाटतं, या एका शहराने “असं काही होईल हे कुणाला ठाऊक होतं?” या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलंय.

टेक्सासचं बहुतेक सगळं जाळं शेजाऱ्यांपासून तोडून ठेवलेलं आहे. १९३५ च्या कायद्याने राज्याच्या सीमा ओलांडणारी वीज केंद्र सरकारच्या नियंत्रणाखाली आणली, तेव्हा सीमाच ओलांडायची नाही असं इथल्या कंपन्यांनी ठरवलं, आणि ते अजून चालू आहे. बाहेरून वीज आणायच्या जोडण्यांची एकूण क्षमता सुमारे १,२२० मेगावॅट. उलट मिसिसिपी खोऱ्यातल्या शेजारच्या जाळ्याला त्याच दिवसांत पूर्वेकडून सुमारे १३,००० मेगावॅट आणता आले. तिथे आणि ओक्लाहोमा-कॅन्ससच्या बाजूलाही वीज तोडावी लागली, पण ती तासांच्या हिशोबात.

मग इथे सांगितल्याप्रमाणे वीज फिरती का राहिली नाही? कारण कुठली लाईन किती वेळ तोडायची याचा विचार एवढ्या मोठ्या तुटीसाठी कुणी केलाच नव्हता. इस्पितळं, अग्निशमन केंद्रं, पाण्याचे पंप ज्या लाईनवर असतात ती तोडता येत नाही, हे बरोबरच आहे. पण त्या लाईनवर आणखी काय काय आहे हे आधी तपासून वेगळं काढलं नव्हतं. तोडण्याजोग्या लाईन सगळ्या तोडून झाल्या आणि फिरवायला काही उरलंच नाही. म्हणून ऑस्टिनच्या मध्यभागात रिकाम्या ऑफिसांचे मजले रात्रभर उजळलेले राहिले, आणि लोक मोटारीत बसून ते दिवे बघत होते.

त्या अंधारात घरात नेमकं काय चालतं, ते ज्यांनी भोगलं नाही त्यांना कळत नाही. पहिल्यांदा घर आक्रसतं. आईने दुपारी निर्णय घेतला की चार खोल्या सोडून द्यायच्या आणि एकाच खोलीत राहायचं, तीही मधली, बाहेरची भिंत नसलेली. दाराच्या फटीत तिने जुन्या साड्यांच्या घड्या दाबून बसवल्या. भारतातून आणलेल्या दोन गोधड्या खाली आणि कंबल वर, कारण “थंडी खालून चढते.” नळाची बारीक धार चालू ठेवायची, म्हणजे नळीतलं पाणी गोठत नाही, हे शेजाऱ्यांनी सांगितलं. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची. बुधवारी पाण्याचा दाबच गेला आणि धारही थांबली. संडासात टाकायला पाणी हवं म्हणून अंगणातलं बर्फ बादलीत भरून आणलं. ती काठोकाठ भरलेली बादली वितळून तळाला जेमतेम दोन तांबे पाणी झालं. आई बराच वेळ त्या बादलीकडे बघत राहिली. राज्यभरात तेव्हा सव्वा कोटीहून जास्त लोकांना पाणी उकळून प्या अशी सूचना होती, आणि त्यातल्या किती जणांकडे उकळायला शेगडी होती?

सगळ्यात मोठी चूक आमच्या हातून थोडक्यात टळली. फोन चार्ज करायला नवरा गॅरेजमध्ये गाडी चालू करायला निघाला होता. वीज नसल्याने गॅरेजचं दार उघडत नव्हतं. दार बंद ठेवूनच पाच मिनिटं गाडी चालू ठेवू, असं तो म्हणाला. मी त्याला अडवलं, कारण तासाभरापूर्वीच मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी कार्बन मोनॉक्साइडबद्दल लिहिलं होतं. त्या विषारी वायूला वास नसतो, झोप यावी तसा माणूस जातो. गॅरेजच्या छतापासून लोंबणारी लाल दोरी ओढली की दार हाताने उचलता येतं, हेही त्या गटावरच कळलं. आठ वर्षं आम्ही त्या दोरीखालून ये-जा करत होतो. राज्याच्या मोजणीत त्या वादळाने २४६ माणसं गेली, त्यातली १९ या वायूने. १६१ थंडीने गेली. बरीचशी आपल्याच घरात.

थंडीने घरात माणूस मरतो, हे वाक्य मी अजून पचवू शकलेले नाही.

त्याच आठवड्यात पश्चिम टेक्सासमधल्या कोलोरॅडो सिटी नावाच्या छोट्या गावाच्या महापौरांनी फेसबुकवर लिहिलं की गाव तुमचं काही देणं लागत नाही, बळकट असतील ते टिकतील, दुबळे जातील. संताप उसळला आणि त्यांचं पद गेलं. पण तोच विचार मवाळ भाषेत आजही रोज ऐकू येतो: आपापली तयारी आपण करावी. आमच्या गल्लीत २०२१ नंतर तीन घरांनी अख्ख्या घराला पुरेल असा जनरेटर बसवला. खर्च दहा हजार डॉलरच्या वर. ज्यांना परवडलं त्यांनी तो घेतला यात काही गैर नाही. मात्र महाराष्ट्रात जे झालं तेच इथेही होताना मी बघतेय. ज्या घरात इन्व्हर्टर आला त्या घरातून वीज कार्यालयात जाणारा फोन थांबला. ज्यांचा आवाज ऐकला जातो ते घराघरांत सुटत गेले आणि मागे राहिले भाड्याच्या खोलीत राहणारे, म्हातारे, एकटे. शिवाय पाण्याची नळी फुटली तर जनरेटर काय करणार? आमची माळ्यावरची नळी गुरुवारी, वीज आल्यावर, बर्फ वितळताना फुटली. भाड्याच्या घरात तर मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे भाडेकरूला कुणी सांगतही नाही.

खर्चाचा आक्षेप मी गांभीर्याने घेते. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या थंडीसाठी रोजच्या बिलात जास्त पैसे का भरायचे, असं विचारणारे लोक कंजूस नसतात, त्यांचं बिल खरोखर जड असतं. पण न केलेल्या खर्चाचं बिलही येतंच. डॅलसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने त्या वादळाचं नुकसान ८० ते १३० अब्ज डॉलर धरलं होतं. त्या दिवसांतल्या चढ्या भावाच्या वायूचे पैसे इथले ग्राहक अजून कित्येक वर्षं बिलातून फेडणार आहेत. भाव वाढला की वीज आपोआप बाजारात येईल, या भरवशावर इथली व्यवस्था उभी होती. घाऊक भाव युनिटला ९ डॉलरवर नेऊन तीन-चार दिवस तिथेच ठेवला गेला. गोठलेली नळी भाव बघून वितळत नाही.

त्यानंतर काही बदललं आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. जून २०२१ मध्ये कायदा झाला, वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची झाली, तपासणी सुरू झाली. मोठमोठ्या बॅटऱ्या आणि सौर ऊर्जा जाळ्याला जोडली गेली. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२४ मध्ये मागणी २०२१ च्या वर गेली तरी राज्यव्यापी भारनियमन करावं लागलं नाही. पण २०२३ च्या जानेवारीअखेर ऑस्टिनमध्ये बर्फाच्या ओझ्याने झाडं तारांवर पडली, आणि वीजनिर्मिती भरपूर असूनही हजारो घरं पुन्हा कित्येक दिवस अंधारात गेली. तेव्हाही लोकांचा प्रश्न आईचाच होता, आणि परतीची सांगितलेली वेळ पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक बिलावर घराची लाईन कुठली ते छापा. तूट आली तर कुठली लाईन कुठल्या क्रमाने आणि जास्तीत जास्त किती तास बंद राहील, ते हिवाळ्याआधी जाहीर करा. फिरवता येणार नसेल तर पहिल्या तासातच सांगा, म्हणजे रस्ते गोठण्याआधी लोक निघू शकतील. ऑक्सिजनवर, डायलिसिसवर असलेल्या माणसांची नोंद करायची सोय राज्यात आहे, पण नाव नोंदवल्याने मदत येईलच याची हमी नाही. ती यादी त्या त्या लाईनला जोडा आणि वीज तोडताना कुणाच्या दारावर जायचं ते ठरवून ठेवा. ऊबदार निवारा चालत जाण्याच्या अंतरावर हवा, कारण बर्फावर गाडी चालत नाही. यातल्या बहुतेक गोष्टींना नवं वीजकेंद्र लागत नाही. कागद लागतो आणि खरं सांगायची तयारी लागते.

त्या आठवड्यात आमची यादी व्हॉट्सअ‍ॅप गटानेच केली होती. कुणाकडे वीज आहे, कुणाकडे गॅसची शेगडी आहे, कुणाचे आईवडील भारतातून आलेत, कुणाला इन्शुलिन थंड ठेवायचंय. करोनाची भीती असतानाही लोकांनी अनोळखी कुटुंबं घरात घेतली. मला त्याचा अभिमान आहे. पण ज्याला असा गट नाही त्याचं काय? आमच्या समोरच्या घरात ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेले एक आजोबा एकटे राहतात. सोमवारी दुपारी आईने त्यांच्या खिडकीकडे बोट दाखवून “त्यांचं काय?” विचारेपर्यंत ते आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांचा जादाचा सिलिंडर संपत आला होता. दोन शेजाऱ्यांनी पिकअपमधून त्यांना अग्निशमन केंद्रात नेलं, तिथे जनरेटर होता.

मागच्या हिवाळ्याआधी मी आमच्या वीजपुरवठादाराला लिहून विचारलं की आमची गल्ली कुठल्या लाईनवर आहे आणि तूट आली तर ती किती वेळ बंद राहील. ही माहिती ग्राहकांना दिली जात नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलंय. या वेळच्या अर्जावर गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या आहेत, जनरेटरवाल्या तिन्ही घरांच्याही. पहिली सही समोरच्या आजोबांची आहे. हात थरथरतो म्हणून त्यांना ती करायला बराच वेळ लागला.